निर्मलाताईंची तीन उत्तरं

ताईंच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत, कुलकर्णी आजींच्या ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. "सुमनताई, मावशी पहाटे झोपेतच गेली," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं. काय बोलले ते माझं मलाच नंतर आठवलं आणि लाज वाटली. गॅस बंद केला. लाटण्याचा आवाज थांबला म्हणून आजी वॉकर टेकत टेकत आत आल्या. मी सांगितलं तशा त्या तिथेच स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "राहू देत गं पोळ्या आज." पण मी गॅस पुन्हा पेटवला. ताई तिथे असत्या तर म्हणाल्या असत्या, रडायचं तर रड, पण हातातलं अर्धं टाकू नकोस. त्या दिवशी मी रडत रडत बारा पोळ्या केल्या आणि आजींनी एकाही पोळीला नाव ठेवलं नाही, म्हणजे त्यांनाही दुःख झालं असणारच.

ताईंच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं होतं. दोन वाक्यं बोलले आणि बसले. उरलेलं इथे लिहिते आहे. भाची म्हणाली, मावशीबद्दल वाचायला लोकांना आवडेल.

ठाण्याच्या कोर्टात तळमजल्यावर एक खोली आहे. ज्यांच्या बाबतीत गुन्हा घडला ती माणसं आणि ज्यांनी तो पाहिला ते साक्षीदार, यांना मदत करण्यासाठी एक संस्था ती चालवते. ताई तिथल्या व्यवस्थापिका. हे मोठं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ताईंना ते म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. त्याआधी त्या कल्याणला मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. रिटायर झाल्या तरी पी.टी. काही सुटली नव्हती. सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा आणि साडीखाली पांढरे बूट. कोर्टाच्या जिन्यावरून त्या चढायला लागल्या की वकील बाजूला व्हायचे.

मी त्यांच्याकडे कशी पोचले ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका दुपारी मी कुलकर्णी आजींकडे जात होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक माणूस वरून धावत आला आणि माझ्यावर आदळला. आमचे चेहरे इतके जवळ आले की त्याच्या भुवईवरचा तीळही मला दिसला. आजींच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला तो आदल्या महिन्यात आला होता, मी त्याला चहासुद्धा दिला होता. त्याच्या मुठीत आजींच्या पाटल्या होत्या. मी वर गेले तर दार उघडं आणि आजी जमिनीवर, कमरेचं हाड मोडलेलं. त्यांना मागून ढकललं होतं, त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. पाहणारी मी एकटी. पोलिसांना मी तेव्हाच जबाब दिला आणि वाटलं, संपलं. दीड वर्षांनी समन्स आलं.

त्याच सुमारास दुधाच्या दुकानापाशी त्या माणसाचा भाऊ भेटला. धमकी वगैरे काही नाही, उलट हात जोडले. म्हणाला, "मावशी, तुम्ही भल्या बाई. आता आठवत नाही म्हणा, देव तुमचं भलं करेल." पण बोलताना तो आमच्या बिल्डिंगकडे बघत होता. घरी आमचे हे म्हणाले, "सुमे, आपण कशाला मध्ये पडायचं?" ह्यांची कंपनी एमआयडीसीत, पाळीची नोकरी, मी दिवसभर घरात नाही, मुलगी शाळेतून एकटी येते... ह्यांचंही चूक नव्हतं. मी बोलले नाही तर आजींच्या मोडलेल्या हाडाला कोणी वाली नव्हता, आणि बोलले तर आमच्या घराला. त्यात माझा स्वभाव असा की चार माणसांत मला पाणीसुद्धा मागता येत नाही.

पहिल्या तारखेला कोर्टात गेले तर बाकावर तो भाऊ आणि त्याची आई. शेजारी मोकळी जागा होती, पण तिथे कशी बसणार? दोन तास मी भिंतीला पाठ लावून उभी होते, मान खाली. तेवढ्यात माझ्या समोर पांढरे बूट येऊन थांबले.

"साक्षीदार?"

"हो."

"कधीपासून उभ्या आहात?"

"आत्ताच आले."

"खोटं. पाय लटलटतायत तुमचे. चला माझ्याबरोबर."

खोलीत नेलं. पूर्वी तिथे कोर्टाच्या मोडक्या खुर्च्या ठेवत. ती रिकामी करून घ्यायला ताईंनी दीड वर्ष अर्ज केले होते, आणि अर्जाने होईना तेव्हा त्या रोज सकाळी जाऊन किल्ल्या सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलासमोर नुसत्या उभ्या राहायच्या. बोलायच्या काही नाहीत. आठव्या दिवशी किल्ली मिळाली. आत सतरंजी, पाण्याचा माठ, लहान मुलांसाठी रंगखडू आणि खिडकीला फुलाफुलांचा पडदा. मी बसले आणि घरून मनात जुळवून आणलेलं सगळं सांगायला लागले तर ताईंनी हातच वर केला. "नाही. काय पाहिलंत ते मला सांगायचं नाही, एक अक्षरसुद्धा नाही. ते फक्त जज्जसाहेबांसमोर. आम्ही कोणालाही पढवत नाही. ते सोडून जगातलं काहीही बोला." आता ते सोडून माझ्याकडे बोलायला होतं काय? मी म्हटलं, तुमचा माठ पाझरतोय. ताई इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या खोलीतला कारकून डोकावून गेला.

त्या दिवशी पुढची तारीख मिळाली. ताई म्हणाल्या, बरं झालं, आपल्याला वेळ मिळाला. मग दर आठवड्याला एक दुपार मी ठाण्याला जायला लागले. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतः चहा केला. मला कप दिला आणि फोनवर कोणाशी तरी भांडत बसल्या. एका साक्षीदार आजोबांना रिक्षाने आणायचं ठरलं होतं आणि रिक्षावाला आलाच नव्हता. फोन ठेवून विचारलं, "कसा झालाय चहा?" मी म्हटलं, छान. "संपवलास?" हो. मग त्यांनी आपल्या कपाचा एक घोट घेतला आणि धावत जाऊन खिडकीबाहेर थुंकल्या. चहात साखरेऐवजी मीठ होतं.

"सुमन! हे तू पूर्ण प्यायलीस?"

"हो."

"आणि छान म्हणालीस?"

"तुम्ही केला होता ना..."

ताई हसून हसून सतरंजीवर बसल्या. डोळे पुसले. मग म्हणाल्या, "अगं, तू सगळ्यालाच हो म्हणतेस." खरं होतं. वीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात काम केलं की तोंडाला तेच वळण पडतं. आज पाहुणे आहेत, जास्त पोळ्या करशील ना? हो. उद्या लवकर येशील ना? हो. तेल कमी वापरत जाशील ना? हो. ताई म्हणाल्या, "तिथे समोरचा माणूस गोड बोलून काहीबाही विचारणार. तुझ्या केसचं मी बोलत नाही, सगळ्यांचंच सांगते. तीन उत्तरं लक्षात ठेव. खरं असेल तर हो. खोटं असेल तर नाही. माहीत नसेल तर माहीत नाही. चौथं उत्तर जगात नाही, आणि 'छान' तर नाहीच नाही." वर गृहपाठ दिला. रोज कोणाला तरी एकदा 'नाही' म्हणायचं. पण खरं असेल तेव्हाच, उगाच नाही.

पहिल्या दिवशी भाजीवाल्याला म्हटलं. "मेथी ताजी आहे ना ताई?" नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी म्हणाल्या, "सुमन, आज जरा खिडक्यापण पुसशील ना?" मी नाही म्हटलं आणि माझेच कान गरम झाले. वहिनी म्हणाल्या, "बरं." एवढंच! मी वीस वर्षं ज्याला घाबरत होते ते एवढंसं होतं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी जेवताना विचारलं, "आमटी कालचीच आहे ना, चालेल की?" मी म्हटलं, नाही, आजची आहे, आणि कालची असती तरी मी तुम्हाला वाढली नसती. ह्यांनी घास तसाच ठेवून माझ्या कपाळाला हात लावला, ताप आहे का बघायला. मुलगी हसत सुटली. रात्री हे म्हणाले, "त्या ठाण्याच्या बाई तुला शिकवतायत काय?" मी सांगितलं. ऐकून म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर त्या दिवशी. पाळी बदलून घेतो." मी हो म्हटलं. ते खरं होतं.

ताईंची अजून एक पद्धत होती. मधल्या सुट्टीत कोर्ट रिकामं झालं की त्या साक्षीदाराला आत घेऊन जायच्या. साहेब कुठे बसतात, टाइप करणारा कुठे, आरोपी कुठे उभा असतो, सगळं दाखवायच्या. मग साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायच्या. "भीती आधी पायात येते. पाय नीट ठेव, एक ह्या फरशीवर, एक त्या. आता बोल." काय बोलू? "अळूवडी कशी करतेस ते सांग." दारात कोर्टाचे शिपाई गणपतराव उभे होते. साताऱ्याकडचे, मोठ्या मिशा, पुकारा करणारे. मी हळू आवाजात सांगायला लागले, पानांच्या शिरा काढायच्या, बेसनात चिंच, गूळ, तिखट...

"गूळ कशाला?" दारातून गणपतराव.

मी म्हटलं, गूळ लागतोच.

"आमच्याकडं न्हाई घालत. गूळ घातल्यावर ती वडी हाय का मिठाई?"

मी राजापूरकडची. मला राहवलं नाही. म्हटलं, गूळ नाही घातला तर चिंच घशाशी येते, तुम्ही खाल्लीच नसेल कधी धड अळूवडी! हे इतक्या मोठ्याने बोलले की वरच्या छतात आवाज घुमला. वकिलांच्या खुर्चीत बसलेल्या ताई टाळी वाजवून म्हणाल्या, "ऐकू आलं! साहेबांच्या खुर्चीपर्यंत ऐकू आलं! गणपतराव, हरलात तुम्ही." पुढच्या खेपेला मी डबा भरून वड्या नेल्या. गणपतरावांनी पाच खाल्ल्या आणि म्हणाले, ठीक हायेत.

मग ती तारीख आली. पुकारा झाला तेव्हा मी इतकी दचकले की हातातली पिशवी पडली, पाण्याची बाटली घरंगळत पार वकिलांच्या टेबलाखाली गेली. पिंजऱ्यात उभी राहिले. पाय फरशांवर ठेवले. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं ते सांगितलं, आवाज बरा लागला. ताई सगळ्यात मागच्या बाकावर बसल्या होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. वर पंख्याकडे बघत होत्या. नंतर म्हणाल्या, मी तुला डोळ्यांनी काही सुचवलं असं कोणी म्हणायला नको. ते साक्षीचे सगळे तास त्यांनी मान वर करून काढले आणि दोन दिवस त्यांची मान आखडली होती.

उलटतपासणीला वकील उठले. मला वाटलं होतं ओरडतील. ते इतके गोड बोलले, अगदी घरातल्या थोरल्या दिरासारखे. "ताई, अचानक धक्का बसला, तुम्ही घाबरलेल्या होतात. साहजिक आहे. त्या गडबडीत चेहरा काही नीट दिसला नसणार, हो ना?"

आणि मी म्हटलं, "हो."

तोंडातून निघून गेलं. वीस वर्षांचं वळण. टाइप करणाऱ्याची बोटं चालायला लागली. पिंजऱ्याचा कठडा मी इतका घट्ट धरला होता की अजून ते आठवलं तरी तळवे दुखतात... मला आजी दिसल्या, जमिनीवर. मी म्हटलं, "थांबा. लिहू नका."

सगळे थांबले. वकील म्हणाले, "ताई, तुम्ही आत्ताच हो म्हणालात."

मी म्हटलं, "अर्धं हो आहे. घाबरले होते, त्याला हो. चेहरा दिसला नाही, त्याला नाही. दिसला. चांगला दिसला. आदल्या महिन्यात मी त्याला चहा दिला होता." साहेब म्हणजे बाईच होत्या, त्यांनी टाइप करणाऱ्याकडे बघून सांगितलं, साक्षीदार म्हणतात तसं लिहा, दोन्ही लिहा. वकिलांनी मग आणखी बरंच विचारलं. होतं त्याला हो म्हटलं, नव्हतं त्याला नाही, आणि जिन्यातला दिवा किती पॉवरचा होता याला माहीत नाही. बाहेर आले तर हे दाराशी उभे. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. ताई मान चोळत आल्या आणि कोर्टाच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, मला उचलून गोल फिरवलं. साठी उलटलेली बाई! गणपतराव म्हणाले, "ताई, हे कोर्ट हाय." ताई म्हणाल्या, "म्हणून तर शिट्टी वाजवली नाही."

पुढे निकाल लागला, त्या माणसाला शिक्षा झाली. तोवर मुलगी शाळेतून आली की मला फोन करायची, दर दोन दिवसांनी ताईंचा फोन यायचा, आणि त्यांच्या अर्जावरून आमच्या गल्लीत पोलिसांची गाडी चक्कर मारून जायची. तो भाऊ पुन्हा काही बोलला नाही. आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चांगलं झालं गं. पण आता मी पोळ्या पातळ कर म्हटलं तर नाही म्हणशील." मी म्हटलं, नाही.

"नाही म्हणजे काय? म्हणशील की नाही म्हणशील?" असं आमचं बराच वेळ चाललं.

त्यानंतर ताई म्हणाल्या, गुरुवारी येत जा. मी विचारलं, येऊन काय करू? "चहा कर. माझा तू प्यायली आहेस." म्हणून मी गुरुवारी जाते. ताईंबरोबर राहून कळलं की काम किती असतं. कोणाला गाडीने आणायचं, कोणाच्या लेकराला सांभाळायचं, कोणाला आरोपीच्या माणसांपासून दुसऱ्या दाराने न्यायचं, कोणाला नुसतं बसू द्यायचं. ताई तापट होत्या. फोनवर ओरडायच्या, जेवायला विसरायच्या, मग माझा डबा खायच्या. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, चपला राहत. "ती निळ्या चपलांची आली का?" असं विचारायच्या.

त्या निळ्या चपलांच्या बाईवरून मी एकदा रागावले होते. दिरानेच जावेला मारहाण केलेली तिने पाहिली होती. तीन महिने ती येत होती, हसायला लागली होती, आणि साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली, मला काही आठवत नाही. मला इतका संताप आला की मी तिला चहा देणार नव्हते. ताईंनी स्वतः केला आणि तिला दिला, साखर चाखून. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "सुमन, ती आज ज्या घरात परत जाते आहे तिथे तू राहतेस का?"

मी म्हटलं, नाही.

"मग झालं. आपण दार उघडं ठेवायचं. कोण कधी आत येईल ते आपण ठरवायचं नाही." वर्षाने तीच बाई त्याच जावेचा हात धरून आली. दोघी वेगळ्या राहायला लागल्या होत्या, आणि आता त्यांना बोलायचं होतं. ताई तिच्या पायांकडे बघून म्हणाल्या, "नव्या घेतल्यास वाटतं चपला! आता मी तुला ओळखू कशी?"

शेवटच्या गुरुवारी ताईंनी पोह्यांत लिंबू जास्त झालं म्हणून मला बोल लावला आणि सगळे पोहे संपवले. शनिवारी त्या गेल्या.

मला धास्ती होती की ताई नाहीत म्हटल्यावर त्या खोलीत भीती पुन्हा शिरेल. आता तिथे एक नवीन मॅडम आल्या आहेत, तरुण, चांगल्या आहेत, फोनवर ओरडत नाहीत. परवाच्या गुरुवारी एक मुलगी साक्षीला आली होती. कल्याणची, कापडाच्या दुकानात कामाला. ओठ कोरडे, हातात रुमालाची गुंडाळी. मी तिला माठातलं पाणी दिलं. म्हणाली, "काकी, मला जमेल का हो?" मी म्हटलं, माहीत नाही. पण मला जमलं. ती थोडं हसली.

तेवढ्यात गणपतराव दारात आले. टोपी काढून हातात धरली, घसा साफ केला आणि इतक्या हळू आवाजात बोलले, जसं झोपलेल्या पोराला उठवावं. "बाळा, पाच मिन्टांत तुझं नाव घेणार हाय. मोठ्यांदा घ्यावं लागतं, तसा नियम हाय. माझा आवाज वाईट हाय, पन मानूस वाईट न्हाई. दचकू नको." आणि गेले. ही ताईंनी लावलेली सवय. माझी बाटली टेबलाखाली गेली त्या दिवशी ताई त्यांच्यावर चिडल्या होत्या, की अहो, माणूस बोलवताय की आगीचा बंब? तेव्हापासून ते प्रत्येक साक्षीदाराला आधी येऊन सांगतात. ताई गेल्यावर एकाही दिवशी चुकले नाहीत. त्यांना कोणी सांगत नाही, विचारत नाही. कोर्टाच्या कुठल्या कागदावर ते लिहिलेलंही नाही.

मी त्या मुलीबरोबर कोर्टाच्या दारापर्यंत गेले. आत गणपतराव ताठ उभे राहिले, छाती भरून घेतली आणि तिच्या नावाचा पुकारा केला.

"हजर!" पोरगी अशी काही ओरडली की सगळं कोर्ट वळून बघायला लागलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. आणि गणपतराव चांगले दोन पावलं मागे सरकले. दचकले होते.